दवंडी, लखोटा आणि वर्गणीदार : संगणकजाळ्यातील समूह-प्रसारणाची ओळख

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्याचे अखेरचे दिवस होते. एका जिल्ह्याच्या ठिकाणी पूरपरिस्थितीतील बचावकार्याविषयी तलाठी, ग्रामसेवक आणि शिक्षक यांचे एक दिवसाचे प्रशिक्षण भरले होते. अपेक्षेहून अधिक मंडळी आली व सभागृह अपुरे पडले. म्हणून सभागृहातील व्याख्यान आणि प्रात्यक्षिक कॅमेऱ्याने टिपून ते त्याच इमारतीतील तीन खोल्यांमध्ये पडद्यावर दाखविण्याची व्यवस्था ऐनवेळी करण्यात आली. चित्र स्वच्छ होते, आवाज स्पष्ट होता. चार-साडेचार मिनिटे झाली आणि तिन्ही पडदे एकामागून एक स्तब्ध झाले. तंत्रज्ञाने ते बंद करून पुन्हा सुरू केले. चित्र पूर्ववत आले आणि चार-साडेचार मिनिटांनी पुन्हा थिजले. तारा बदलल्या, पडदा बदलला, कॅमेराही बदलून पाहिला. फरक पडला नाही. बुडणाऱ्या माणसाला पाण्याबाहेर काढल्यावर काय करावे याचे प्रात्यक्षिक नेमके याच गोंधळात झाले. खोल्यांमध्ये बसलेल्यांपैकी बरीच मंडळी नदीकाठच्या गावांची होती. ती संध्याकाळच्या एस.टी.ने अर्धेच पाहून परत गेली.

दोष कॅमेऱ्यात नव्हता, तारांत नव्हता, पडद्यांतही नव्हता. तो होता भिंतीवरील पेटीत बसविलेल्या, सर्व तारा जेथे एकत्र येतात त्या लहानशा यंत्रात, म्हणजे स्विचमध्ये. तेही बिघडले नव्हते. त्याला शिकविलेले काम ते चोख करीत होते. हे कसे, ते समजून घेण्यासाठी प्रस्तुत लेखकाला बरीच खटपट करावी लागली. बी.ए.ला मराठी वाङ्मय घेतलेल्या माणसाने तंत्रज्ञांच्या मागे लागून जे समजून घेतले, ते येथे क्रमाने मांडले आहे. आज कार्यालये, शाळा व पंचायत समित्या यांच्या इमारतींत असे स्विच सर्रास बसविले जातात. त्यांच्या खरेदीच्या कागदांवर आपल्यापैकीच कोणाची तरी सही असते.

निरोप पोचविण्याच्या तीन रीती

गावात निरोप पोचविण्याची जुनी रीत म्हणजे दवंडी. कोतवाल हलगी वाजवीत फिरतो आणि ज्याला ऐकावयाचे आहे त्याच्या व ज्याला नाही त्याच्याही कानावर निरोप पडतो. दुसरी रीत लखोट्याची. एक लखोटा, एक पत्ता, एक घेणारा. पन्नास जणांना कळवावयाचे तर पन्नास लखोटे लिहावयाचे. तिसरी रीत या मासिकासारख्या नियतकालिकाची. ते सगळ्या गावाला जात नाही आणि कोणा एकट्यालाही जात नाही. ज्यांनी वर्गणी भरली त्यांना जाते.

संगणकजाळ्यात याच तीन रीती आहेत. दवंडीला ब्रॉडकास्ट, लखोट्याला युनिकास्ट आणि वर्गणीदारांच्या रीतीला मल्टिकास्ट अशी नावे आहेत. मल्टिकास्टला मराठीत समूह-प्रसारण म्हणावयास हरकत नसावी. नियतकालिकाच्या उपमेत एक उणीव मात्र आहे. नियतकालिकाच्या प्रती वर्गणीदारांइतक्या छापाव्या लागतात. समूह-प्रसारणात पाठविणारा एकच प्रत पाठवितो आणि जेथे वाटा फुटतात तेथेच त्या प्रतीची नक्कल होते.

थोडा हिशेब केला म्हणजे महत्त्व ध्यानी येईल. एका चलत्चित्राच्या प्रवाहाला दर सेकंदाला ४ मेगाबिट लागतात असे धरू. तो ४० ठिकाणी पाहावयाचा आहे. लखोट्याच्या रीतीने पाठविणाऱ्या यंत्राला दर सेकंदाला १६० मेगाबिट बाहेर ढकलावे लागतील. त्याची तार १०० मेगाबिटची असेल तर ते शक्यच नाही. समूह-प्रसारणाने त्याच तारेवरून ४ मेगाबिट जातील. पाहणारे ४० असोत की ४००.

स्विच शिकतो कसा

१९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेटची सुरुवात केली, तेव्हा सर्व संगणक एकाच जाड तारेला जोडलेले असत. तारेवर कोणीही काही टाकले की ते सर्वांना ऐकू येई; म्हणजे सगळाच कारभार दवंडीचा. पुढे तारेचे तुकडे जोडणारे आणि कोणता संगणक कोणत्या तुकड्यावर आहे हे लक्षात ठेवणारे सेतू आले. त्याच कल्पनेतून स्विच जन्मला. भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज हे ज्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होते, त्या कॅलिफोर्नियातील ‘कल्पना’ या कंपनीने १९९० मध्ये सात तारा जोडता येतील असा इथरनेट स्विच बाजारात आणला. नाव वाचून आपल्याला आपलेपणा वाटावा अशी ही कंपनी १९९४ मध्ये सिस्कोने घेतली.

स्विचला कोणी पत्ते भरून देत नाही. तो स्वतः शिकतो आणि त्याची शिकण्याची युक्ती साधी आहे. जाळ्यातील प्रत्येक यंत्राला ४८ बिटांचा एक पत्ता असतो. प्रत्येक पाकिटावर घेणाऱ्याचा तसाच पाठविणाऱ्याचाही पत्ता असतो. एखादे पाकीट पाचव्या पोर्टमधून आत आले की स्विच पाठविणाऱ्याचा पत्ता पाहतो आणि आपल्या वहीत नोंद करतो : हा इसम पाचव्या दारी राहतो. पुढे त्या पत्त्यावर काही आले की ते फक्त पाचव्या दारी दिले जाते. ज्याचा पत्ता वहीत नाही त्याचे पाकीट मात्र स्विच सर्व दारी टाकतो. कोठे ना कोठे तो भेटेलच या विश्वासाने. त्याने उत्तर दिले की त्याचीही नोंद होते. बहुतेक स्विचमध्ये पाच मिनिटे काही हालचाल न झालेली नोंद पुसली जाते.

ही युक्ती समूह-प्रसारणाशी येऊन अडते. समूहाचा पत्ता हा कोणा एकाचा पत्ता नव्हे. समूहाच्या पत्त्यावर पाकिटे जातात, पण त्या पत्त्यावरून कधी येत नाहीत. पाठविणारा नेहमी कोणीतरी एक असतो. म्हणजे पाठविणाऱ्याचा पत्ता पाहून शिकणाऱ्या स्विचला समूहाचा पत्ता कधीच शिकता येणार नाही. वहीत नोंद नाही, म्हणून तो ते पाकीट सर्व दारी टाकणार. परिणाम असा, की वर्गणीदारांसाठी काढलेल्या नियतकालिकाची पुन्हा दवंडी होते.

एखाद्या प्रवाहापुरते हे चालून जाईल. पण इमारतीत पहाऱ्याचे ३० कॅमेरे आहेत, प्रत्येक ४ मेगाबिटचा आहे आणि ते समूह-पत्त्यावर चित्र पाठवितात असे समजा. म्हणजे १२० मेगाबिटचा लोंढा प्रत्येक दारी जाईल. त्यात आवक-जावक विभागातील छपाईयंत्राचेही दार आले आणि रोखपालाच्या संगणकाचेही. त्यांच्या तारा १०० मेगाबिटच्या असतील तर त्यांचे स्वतःचे काम होणार कसे? ‘आज नेट फार मंद आहे’ ही कार्यालयांतील नित्याची तक्रार नेहमी बाहेरच्या सेवेमुळेच असते असे नाही.

वर्गणीचा अर्ज

समूह-प्रसारणाचा पाया अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीव्ह डीरिंग यांनी घातला. १९८५ पासून त्यांचे मसुदे प्रसिद्ध होऊ लागले आणि ऑगस्ट १९८९ मध्ये त्याचे प्रमाणभूत रूप प्रकाशित झाले. इंटरनेटच्या पत्त्यांपैकी २२४.०.०.० पासून २३९.२५५.२५५.२५५ पर्यंतचे पत्ते समूहांसाठी राखून ठेवण्यात आले. हे पत्ते २६,८४,३५,४५६ इतके भरतात. त्यांपैकी २३९ ने सुरू होणारे पत्ते कोणत्याही संस्थेने आपल्या आवारात वापरावेत असे ठरलेले आहे.

कोणत्या समूहात कोण आहे हे राउटरला कळावे म्हणून वर्गणीच्या अर्जासारखा एक संदेश ठरविण्यात आला. त्या व्यवस्थेचे नाव इंटरनेट ग्रुप मॅनेजमेंट प्रोटोकॉल, थोडक्यात आयजीएमपी. ज्या संगणकाला २३९.१.१.१ या समूहाचे प्रसारण हवे आहे तो ‘मी या समूहाचा सभासद आहे’ असे कळवितो. १९९७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘मी समूह सोडला’ असे कळविण्याची सोय झाली. पहिल्या आवृत्तीत ती नव्हती. सभासद निघून गेला तरी प्रवाह काही मिनिटे रिकाम्या घरी येत राही. २००२ च्या तिसऱ्या आवृत्तीत, कोणाकडून येणारे प्रसारण हवे हेही सांगता येऊ लागले.

हा सारा पत्रव्यवहार संगणक आणि राउटर यांच्यातला. स्विचचा त्याच्याशी कागदोपत्री काही संबंध नाही. स्विचने पाकिटावरचा पत्ता वाचावा आणि पाकीट पुढे द्यावे, आतला मजकूर वाचू नये, हा जाळ्याचा शिष्टाचार. पण वर्गणीचे सर्व अर्ज त्याच्याच हातून जातात. मग स्विच बनविणाऱ्यांनी ठरविले, की या एका प्रकारच्या पाकिटापुरता शिष्टाचार बाजूला ठेवावा. टपालवाल्याने आपल्या पिशवीतून जाणारे वर्गणीचे अर्ज तेवढे उघडून पाहावेत आणि कोणत्या गल्लीत कोणते नियतकालिक जाते हे टिपून ठेवावे, तसे हे आहे. इंग्रजीत याला स्नूपिंग म्हणतात. त्या शब्दाला चोरून पाहण्याचा वास आहे. मराठीत कानोसा हा शब्द अधिक सभ्य आणि अधिक नेमका वाटतो. स्विच कानोसा घेतो.

कानोशातून दोन गोष्टी कळतात. पाचव्या दारातून २३९.१.१.१ साठी अर्ज आला; म्हणजे या समूहाची पाकिटे पाचव्या दारी द्यावयाची. आणि अकराव्या दारातून राउटरची चौकशी आली. म्हणजे राउटर अकराव्या दारी आहे, तेव्हा सर्व अर्ज तिकडे पाठवावयाचे. अर्ज इतर दारी पाठवावयाचे नाहीत, यामागे एक बारकावा आहे. आयजीएमपीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत असा संकेत आहे, की दुसऱ्या कोणी त्याच समूहासाठी अर्ज केलेला ऐकू आला तर आपण गप्प बसावे. राउटरला एक सभासद आहे एवढे कळले तरी पुरे. राउटरच्या दृष्टीने हा संकेत काटकसरीचा आहे. स्विचच्या दृष्टीने तो घातक आहे, कारण त्याला प्रत्येक दाराची वेगळी नोंद हवी असते. गप्प बसलेल्या सभासदाच्या दाराची नोंद होणार नाही आणि त्याला काही मिळणार नाही. म्हणून स्विच एकाचा अर्ज दुसऱ्याला ऐकूच जाऊ देत नाही. तिसऱ्या आवृत्तीत तो संकेतच काढून टाकण्यात आला.

स्विचांनी हे कसे करावे याविषयीचा मार्गदर्शक दस्तऐवज मे २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. २२४.०.०. ने सुरू होणारे पत्ते जाळ्याच्या स्वतःच्या कारभारासाठी असल्याने ते अर्जाची वाट न पाहता सर्व दारी द्यावेत असे त्यात म्हटले आहे. ज्या समूहासाठी कोणाचाच अर्ज नाही त्याचे काय करावे, याबाबत मात्र निरनिराळ्या कंपन्यांचे स्विच निरनिराळे वागतात. काही ते सर्व दारी टाकतात, काही फक्त राउटरकडे देतात.

पत्त्यांतील एक अडचण

येथे पत्त्यांविषयी एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे, कारण ती व्यवहारात चावते. इंटरनेटचा समूह-पत्ता पाकिटावर घालताना त्याचे ४८ बिटांच्या यंत्रपत्त्यात रूपांतर करतात. त्यासाठी ०१-००-५ई हा आरंभ ठरलेला आहे आणि समूह-पत्त्यातील केवळ शेवटचे २३ बिट त्यापुढे लिहितात. समूहाची खरी ओळख २८ बिटांची. म्हणजे ५ बिट गळतात आणि ३२ वेगवेगळ्या समूहांचा यंत्रपत्ता एकच होतो. डीरिंग यांना अशा पत्त्यांचे सोळा संच हवे होते, पण पैशाअभावी अर्ध्या संचावर भागवावे लागले, असे सांगितले जाते. आपल्याकडे अंदाजपत्रकात कात्री लागली की काय होते याचा अनुभव असणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

परिणाम असा, की २२४.१.१.१, २३९.१.१.१ आणि २३९.१२९.१.१ या तिघांचा यंत्रपत्ता ०१-००-५ई-०१-०१-०१ हाच येतो. जे स्विच केवळ यंत्रपत्त्यावरून वाटणी करतात त्यांना हे तीन समूह एकच दिसतात. त्याहून वाईट म्हणजे एखाद्याने कॅमेऱ्यासाठी २३९.०.०.१ असा सोपा पत्ता निवडला, तर त्याचा यंत्रपत्ता २२४.०.०.१ च्या यंत्रपत्त्याशी जुळतो. तो पत्ता तर सर्व दारी देण्याचा. असे स्विच मग कानोसा घेत असूनही लोंढा सर्वत्र सोडतात. सबब २३९.०.० आणि २३९.१२८.० ने सुरू होणारे पत्ते निवडू नयेत.

साडेचार मिनिटांचे कोडे

वर्गणीला मुदत असते. संगणक एकदा अर्ज करतो, पण तो पुढे अचानक बंद पडला, त्याची तार निघाली, तर ‘मी समूह सोडला’ असे कळविणार कोण? म्हणून राउटरने ठराविक काळाने सर्वांना विचारावयाचे : ‘कोणाला काही हवे आहे काय?’ या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. रूढ मांडणीत तो दर १२५ सेकंदांनी विचारला जातो आणि १० सेकंदांच्या आत उत्तर द्यावयाचे असते. दोन वेळा विचारूनही उत्तर आले नाही तर वर्गणी संपली असे समजतात. म्हणजे १२५ अधिक १२५ अधिक १०, एकूण २६० सेकंद. चार मिनिटे आणि वीस सेकंद.

आता प्रशिक्षणाच्या त्या इमारतीकडे परत जाऊ. कॅमेरा आणि तिन्ही पडदे एकाच स्विचला जोडलेले होते. सारे काम इमारतीतल्या इमारतीत असल्याने समूह-प्रसारण हाताळणाऱ्या राउटरची कोणाला गरजच वाटली नव्हती. पडदा सुरू झाला की तो अर्ज करी. स्विच कानोसा घेऊन नोंद करी आणि चित्र सुरू होई. पुढे मात्र कोणी प्रश्नच विचारीत नव्हते. प्रश्न नाही म्हणून उत्तर नाही, उत्तर नाही म्हणून नोंदीचे नूतनीकरण नाही. २६० सेकंद झाले की स्विच नोंद पुसे आणि त्या दारी चित्र देणे बंद करी. पडदा बंद करून सुरू केला की नवा अर्ज जाई आणि पुन्हा तेच चक्र.

उपाय अर्ध्या मिनिटाचा होता. राउटर नसेल तेथे प्रश्न विचारण्याचे काम स्विचला स्वतःला करता येते. या सोयीला क्वेरिअर म्हणतात आणि ती बऱ्याच स्विचमध्ये आरंभी बंद ठेवलेली असते. एकाच जाळ्यात असे विचारणारे दोन असतील तर ज्याचा इंटरनेट-पत्ता अंकाने लहान तो विचारतो व दुसरा थांबतो. कानोसा सुरू आणि विचारणारा कोणी नाही, अशी अर्धवट मांडणी ही दोन्ही बंद ठेवण्यापेक्षा अधिक त्रासदायक, असे प्रस्तुत लेखकाचे मत झाले आहे. दोन्ही बंद असती तर त्या दिवशी जाळे मंदावले असते, पण पडदे चालू राहिले असते.

मुंबईतील एक उदाहरण

समूह-प्रसारणाचा लाभ केवळ तारांची बचत एवढाच समजला जातो. त्याला समन्यायाचीही एक बाजू आहे. मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजारात दर सौद्याची क्षणोक्षणीची माहिती देणारी सेवा २०१० पासून २०१४ च्या आरंभापर्यंत लखोट्याच्या रीतीने दिली जात असे. प्रत्येक सदस्याची जोडणी वेगळी, प्रत्येकाचा लखोटा वेगळा. लखोटे एकामागून एक निघणार, म्हणजे कोणाचा तरी आधी आणि कोणाचा तरी नंतर. जो आधी जोडला जाई त्याला माहिती आधी मिळे, हा मुद्दा सेबीने ३० एप्रिल २०१९ रोजी दिलेल्या आदेशात नोंदविला आहे. तो वाद पुढे अपिलात गेला व रकमेविषयीचा आदेश २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने बदलला. तो या लेखाचा विषय नव्हे. तंत्राच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट एवढीच, की एप्रिल २०१४ पासून ही माहिती समूह-प्रसारणाने दिली जाऊ लागली. पाठविणारा एकच प्रत पाठवितो. तिच्या नकला स्विचच्या यंत्रात जवळजवळ एकाच क्षणी होतात. त्यामुळे रांगेतील पहिला नंबर धरण्याचा प्रश्न पाठविणाऱ्याच्या दारी तरी उरत नाही.

मर्यादा आणि खबरदारी

ग्रामपंचायतीत बसून एखाद्या समारंभाचे थेट प्रक्षेपण यूट्यूबवर पाहिले जाते, ते समूह-प्रसारण नव्हे. खुल्या इंटरनेटवर समूह-प्रसारण रुजले नाही. मार्च १९९२ मध्ये सॅन डिएगो येथील अभियंत्यांच्या सभेचा आवाज या मार्गाने वीस ठिकाणी ऐकविण्यात आला होता आणि तेव्हा मोठ्या आशा होत्या. पण निरनिराळ्या कंपन्यांची जाळी ओलांडून वर्गण्यांचा हिशेब ठेवणे कोणालाच परवडले नाही. आज इंटरनेटवर प्रत्येक प्रेक्षकाला स्वतंत्र लखोटाच जातो. फक्त तो जवळच्या साठवण-केंद्रातून पाठविला जातो. समूह-प्रसारणाचे खरे राज्य एकाच संस्थेच्या आवारात किंवा एकाच सेवेच्या जाळ्यात आहे.

बिनतारी जोडणीवर ते बेतानेच वापरावे. वायफायचे यंत्र समूहाची पाकिटे सर्वांत दूरच्या ग्राहकालाही ऐकू जावीत म्हणून मंद गतीने उच्चारते आणि ती पोचल्याची पावती मागत नाही. चित्र तुटते आणि इतरांचे कामही अडते.

इंटरनेटच्या सहाव्या आवृत्तीत तर दवंडी अजिबात ठेवलेली नाही. शेजारचा संगणक शोधावयाचा असेल तरी समूह-पत्त्यावरच हाक मारावी लागते आणि आयजीएमपीचे काम तेथे एमएलडी नावाची व्यवस्था करते. तेथील कानोशात चूक झाली तर चित्रच नव्हे, संगणकांची परस्परांशी ओळखही बंद पडू शकते.

खरेदीचा प्रश्न उरला. बाजारात सर्वांत स्वस्त मिळणारे, कोणतीही मांडणी करता न येणारे स्विच बहुधा कानोसा घेत नाहीत; जेथे एकाहून अधिक कॅमेरे किंवा पडदे चालावयाचे तेथे ते घेऊ नयेत. निविदेत आयजीएमपी स्नूपिंगबरोबर क्वेरिअर हा शब्द लिहावा, तिसऱ्या आवृत्तीचा उल्लेख करावा आणि एका वेळी किती समूहांच्या नोंदी ठेवता येतात तो आकडा मागावा. वही भरली म्हणजे नवा समूह एक तर सर्वत्र सांडतो किंवा कोणालाच मिळत नाही. काम स्वीकारताना पुरवठादार दोन मिनिटे चित्र दाखवून सही मागतो. ती लगेच देऊ नये. घड्याळ लावून किमान दहा मिनिटे पडदा चालू ठेवावा, आणि त्याच वेळी ज्या खोलीत चित्र मागविलेले नाही तेथील स्विचच्या पोर्टवरचा दिवा पाहावा. तो सारखा लुकलुकत असेल तर स्विच दवंडी पिटतो आहे.

ज्या इमारतीपासून या लेखाची सुरुवात झाली तेथे पुढच्या मे महिन्यात तेच प्रशिक्षण पुन्हा झाले. मागच्या वर्षी खोल्यांमध्ये बसलेल्यांना या वेळी मुद्दाम बोलावण्यात आले होते. तिन्ही पडदे सकाळी अकरापासून दुपारी एकपर्यंत अखंड चालले. चहाच्या सुटीतही तंत्रज्ञाने ते बंद करू दिले नाहीत.